मधल्या फळ्या

"दादा, खुर्ची मागे घे. प्लास्टिक डोक्यात पडेल तुझ्या," असं हॅलोताईने दोनदा सांगितलं, तेव्हा दादाने खुर्ची उचलली आणि हातभर पुढे नेऊन ठेवली. निषेध नोंदवायची त्याची ही रीत लहानपणापासूनची होती. परांचीवर उभ्या असलेल्या मिस्त्रींनी पहार प्लास्टिकच्या पट्टीखाली सारली, एक हिसका दिला, आणि चाळीसएक वर्षं घराला चिकटून बसलेली ती पट्टी कडाडत खाली आली. तिच्यामागून आधी धूळ आली, मग गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं, आणि सगळ्यांत शेवटी बॅडमिंटनचं एक पिसं झडलेलं फूल.

"माझं आहे ते," दादा म्हणाला आणि फूल उचलून त्याने खिशात टाकलं.

गल्लीतली पाचसहा माणसं तमाशा बघायला जमली होती, ती हसली. हॅलोताईचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. तिला सकाळपासून नुसतं उधाण आलं होतं. पहाटे उठून तिने चहाचे कप मांडून ठेवले होते, दोन चुकीच्या चपला घालून ती तीनदा रस्त्यावर जाऊन आली होती, आणि आता मान एका बाजूला वळवून ती भिंतीकडे तिरपं बघत होती.

"कोंबडीसारखी काय बघतेस?" दादाने विचारलं.

"ऊन येतंय डोळ्यावर," ती म्हणाली.

ऊन घराच्या मागे होतं. पण खरं कारण सांगायची तिची तयारी नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर मधूनच जाणार, कडेची राहील. म्हणजे ज्या वस्तूकडे रोखून बघावं तीच पुसट होणार आणि आजूबाजूचा पसारा तेवढा दिसत राहणार. सुरुवात तर झालीच होती. खिडकीचे सरळ गज तिला मधोमध वाकलेले दिसत. हे सगळं हळूहळू वाढत जाईल, किती हळू ते सांगता येत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी तिच्या हातावर थोपटलं होतं. घरी येऊन तिने दादाला सांगितलं, की चष्म्याचा नंबर वाढलाय. दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, बायको गेल्यापासून तिच्या जिवावर जगणारा आणि तिच्यावरच डाफरणारा. त्याला सांगितलं असतं तर त्याने तिला जिना चढू दिला नसता, की गॅस पेटवू दिला नसता.

तिला फक्त एक हवं होतं. डोळे आहेत तोवर हे घर प्लास्टिकशिवाय एकदा बघायचं. लहानपणी होतं तसं, अंगभर लाकडी फळ्यांचं, रंगवलेलं.

त्या घराला दगडविटांची भिंत नव्हतीच. लाकडाचा सांगाडा, आणि त्याच्यावर बाहेरून आडव्या फळ्या, एकीवर एक थोडी थोडी चढवलेल्या, छपरावर कौलं घालतात तशा. दर तीन-चार वर्षांनी त्या रंगवाव्या लागत. वडील त्या रंगकामाला कंटाळले आणि एके दिवशी त्यांनी फळ्यांवरून सायीच्या रंगाचं प्लास्टिक ठोकून घेतलं. शिडी धरायला दादा होता. हॅलोताई तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवीन लागलेली. ती दुपारची ड्यूटी करून परत आली आणि स्वतःच्या घरावरून पुढे निघून गेली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं की घर मागे राहिलं. त्या रात्री ती जेवली नाही. वडिलांना ती काही बोलली नाही, पण दादाला तिने ती शिडी आयुष्यभर ऐकवली.

हॅलोताई हे काही तिचं नाव नव्हे. एक्स्चेंजात ती बोर्डावर बसायची, डोक्याला हेडफोन, समोर भोकांची भलीमोठी फळी, हातात दोऱ्या. दिवा लागला की दोरी खुपसायची आणि विचारायचं, कोणता नंबर हवा. सहा महिन्यांत बोटांना ती सगळी भोकं पाठ झाली. बोर्डाकडे न बघता, शेजारणीशी गप्पा मारत ती माणसांना माणसांशी जोडून द्यायची. गल्लीतल्या प्रत्येकाने तिचा आवाज कधी ना कधी फोनवर ऐकला होता, त्यामुळे लहानथोरांची ती हॅलोताई झाली. पुढे यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला, तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि तिथूनच ती निवृत्त झाली. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच, असं तीच म्हणायची. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, लाइन बिझी होती.

मग गेल्या वादळात प्लास्टिकच्या चार पट्ट्या उडाल्या आणि मागची कुज दिसली. दादाने नवीन प्लास्टिक बसवायचा अर्ज केला. जुन्या घरांची देखभाल बघणाऱ्या समितीचा माणूस आला, घराभोवती फिरला, आणि म्हणाला की ही गल्ली जतन करायच्या यादीत आहे, इथे प्लास्टिक चालणार नाही, मूळ जसं होतं तसंच लाकूड बसवा. दादाचा तिळपापड झाला. हॅलोताईने मात्र त्या माणसाला चहा, परत चहा, आणि जाताना छत्री दिली.

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," दादा पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होता. "तसं झालंय आमच्या बाईसाहेबांचं."

ती म्हण ऐकली की हॅलोताई हसायची आणि चष्मा पुसायला घ्यायची.

मिस्त्रींची गत तिच्यापेक्षा वेगळी नव्हती. फळ्यांचं काम ते वडिलांच्या हाताखाली शिकले होते, आणि ते शिकून होतंय तोवर जगाने लाकूड सोडून दिलं होतं. पुढची सारी वर्षं पत्रे ठोकण्यात आणि प्लास्टिक चिकटवण्यात गेली. हॅलोताईने कामाला बोलावलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "खरंच लाकूड?" आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, गुडघ्याला बाशिंग बांधल्यासारखे, ते टेप घेऊन दारात हजर. हॅलोताईने खिडकीतून बघितलं तर ते जुन्या भिंतीवर हात फिरवत उभे होते.

पहिल्या दिवशी निराशा पदरी आली. समोरच्या भिंतीच्या फळ्या प्लास्टिकखाली ओल धरून काळ्या पडल्या होत्या. पहार लावली की भुगा व्हायचा. रंगाचा तर कपटाही उरला नव्हता. आणि रंगावरून तर बहीणभावात वर्षानुवर्षांची पैज होती. घर निळं होतं असं ही म्हणायची, हिरवं होतं असं तो. समितीचं म्हणणं, जुना रंग सापडला तर तोच द्या. तो सापडेना, आणि दोघांपैकी कुणी मागे हटेना.

"राहू दे ताई," मिस्त्री म्हणाले. "आधी पांढऱ्या रंगाचं अस्तर मारून फळ्या चढवू. रंगाचं नंतर बघू."

मग मिस्त्रींनी काठी केली. घराच्या भिंतीएवढी उंच, चार बाजूंनी रंधून गुळगुळीत. तिच्यावर प्रत्येक फळीची जागा रेघ मारून ठरवायची. सगळी अंतरं सारखी ठेवून चालत नाही, कारण फळीची कड खिडकीच्या बरोबर खाली आणि बरोबर वर यायला हवी, नाहीतर खिडकीपाशी फळीचा चिंचोळा तुकडा बसवावा लागतो आणि ते घराला शोभत नाही. म्हणून खाली फळ्या किंचित दाटीने, वर किंचित सैल. ही अंतरं एकदा काठीवर आली की ती काठी प्रत्येक कोपऱ्यात उभी करायची आणि खुणा भिंतीवर उतरवायच्या. चारी बाजूंच्या रेघा मग आपोआप जुळतात.

"डोळा फसवतो, काठी नाही," मिस्त्री म्हणाले. "वडील सांगायचे."

हॅलोताईने ते मनात ठेवून दिलं. काठीचं खालचं टोक कोणतं हे कळावं म्हणून मिस्त्री ते टोक त्या घराच्या रंगात बुडवून ठेवत. त्यांच्या वडिलांचीही तीच पद्धत. पण या घराला अजून रंगच नव्हता, तेव्हा टोक कोरं राहिलं.

समोरची भिंत आठवडाभरात उभी राहिली आणि काय दिसत होती! पांढऱ्या अस्तरातल्या फळ्या खालून वर एकीवर एक चढत गेल्या, खिडकीखाली अशी बरोबर कड आली की मिस्त्रींनी परांचीवरून खाली उतरून, रस्ता ओलांडून, पलीकडून बघितलं. हॅलोताईही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मान वळवून तिने तिरपं बघितलं, आणि तिला एक टोक दिसलं, दुसरं टोक दिसलं, मधल्या रेघा पाण्यात बघाव्या तशा हलत होत्या. तरीही ती खूश होती. तिने दादाला बोलावलं. दादा म्हणाला, बरं आहे. दादाच्या तोंडून हे म्हणजे सोन्याचं पदक.

नंतर बाजूची भिंत आली. ही खिडकीविना, सपाट, शेजारच्या घराच्या सावलीत. मिस्त्री परांचीवर काठी घेऊन खुणा उतरवायला लागले होते आणि खाली हॅलोताई कोपऱ्यावरची जुनी उभी पट्टी पहारीने सैल करत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिच्याने बसवत नव्हतं. पट्टी निघाली. तिच्यामागे, जिथे ना ऊन पोचलं ना ओल, तिथे हातभर लांबीचा रंग जसाच्या तसा होता.

"मिस्त्री, खाली या. दादा, बाहेर ये. सगळे या," हॅलोताईने हाक मारली, आणि तिचा तो एक्स्चेंजातला खणखणीत आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

मिस्त्रींनी काठी परांचीवर आडवी टाकली आणि ते उतरले. दादा साबण लावलेल्या गालानेच आला. शेजारपाजारचे आले. रंग होता मोरपंखी.

"निळा," हॅलोताई म्हणाली.

"डोळे फुटले की काय? धडधडीत हिरवा आहे," दादा म्हणाला.

गल्लीत दोन तट पडले. अर्धे निळ्याचे, अर्धे हिरव्याचे. मिस्त्रींनी कुणाचीच बाजू घेतली नाही, पण तेही इतके खूश झाले होते की दोन कप चहा पिऊन, दुकानात न्यायला रंगाचा एक कपटा खरवडून खिशात ठेवून, शीळ घालत वर चढले. काठी उचलली, कोपऱ्यात उभी केली, उरलेल्या खुणा उतरवल्या. त्या दिवसापासून बाजूची भिंत भराभर वर गेली.

हॅलोताईचा उत्साह उतरला तो पाचव्या दिवशी. परांचीखालून कोपऱ्याकडे बघताना तिला वाटलं, समोरच्या रेघा आणि बाजूच्या रेघा जुळत नाहीत. खाली जुळतात, अगदी वर छपराजवळ जुळतात, मध्ये मात्र घसरल्यासारख्या वाटतात. तिने मान वळवून बघितलं, पुन्हा वळवून बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. डोळा फसवतो. मधलंच बिघडलंय, म्हणजे भिंत नव्हे, आपणच. इतक्या लवकर एवढं वाढलं, असं म्हणत ती आत जाऊन पलंगावर बसली. घर पुरं व्हायच्या आत डोळे दगा देणार हे तिने त्या दिवशी धरून चालायला सुरुवात केली. जेवताना दादाने विचारलं, तब्येत बरी नाही का. ती म्हणाली, दगदग झाली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री फळ्या आणायला गेले होते. दादा दुपारचा झोपला होता. हॅलोताई परांचीवर चढली. साठी उलटलेल्या बाईने करायची ही गोष्ट नव्हे, पण तिला रडायचं होतं आणि घरात रडायला जागा नव्हती. उभी राहिली ती कोपऱ्यापाशीच. समोरच्या भिंतीवरच्या एका फळीच्या कडेवर तिने बोट ठेवलं आणि सवयीने, न बघता, ते कडेकडेने सरकवलं. बोट कोपऱ्याच्या पट्टीवर आलं, पट्टी ओलांडून पलीकडे गेलं, आणि तिथे काही नव्हतं. सपाट फळी. कड दोन बोटं वर होती. तिने वरची फळी धरली. तिथेही तेच. तिने डोळे गच्च मिटले आणि हाताला लागतील तेवढ्या सगळ्या फळ्या चाचपल्या.

बोटांना काही झालेलं नव्हतं. भिंतच चुकली होती.

हॅलोताई परांचीवर एकटी उभी राहून हसायला लागली. चूक मिस्त्रींची, नुकसान स्वतःचं, आणि आनंद असा की पोटात मावेना. तिचे डोळे खरं सांगत होते.

मिस्त्री आले तेव्हा ती तिथेच होती. तिने सांगितलं, तसे ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "डोळा फसवतो ताई. कोपऱ्यातून तसं वाटतं कधीकधी. काठीने काढलंय मी."

"डोळ्याने नाही सांगत मी," हॅलोताई म्हणाली. "बोट ठेवा इथे. आता फिरवा."

मिस्त्रींनी बोट ठेवलं आणि फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी काठी उचलली, दोन्ही टोकं बघितली, एकदा अशी, एकदा तशी, आणि ते फळीवर मटकन बसले. रंग बघायला उतरले त्या वेळी आडवी टाकलेली काठी त्यांनी परत उचलली ती उलटी. दाटीच्या खुणा वर गेल्या, सैल खाली आल्या. एकूण उंची तीच, म्हणून सुरुवातही जुळली आणि शेवटही जुळला. मध्ये एक खिडकी असती तर तिथेच कळलं असतं.

तोवर दादा उठून खाली येऊन उभा राहिला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, एवढं कशाला मनाला लावून घेता, दोन बोटांचा तर फरक, गल्लीतून कुणाला कळणार आहे. फळ्या वरूनच काढाव्या लागतात हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणजे अख्खी भिंत उतरवायची, अस्तर परत, खिळे परत, रंग आणखी पुढे.

"ताईंना कळलं ना," मिस्त्री म्हणाले.

"तेच म्हणतो मी. हिला कसं कळलं? मला इथून काही दिसत नाहीये."

हॅलोताई परांचीवरून सावकाश उतरली. आता लपवण्यात अर्थ नव्हता आणि तिला लपवायचा कंटाळाही आला होता.

"मलाही दिसलं नाही दादा. म्हणजे दिसलं, पण मला वाटलं डोळाच खोटं बोलतोय. हाताला लागलं तेव्हा कळलं." ती भिंतीकडे वळली. "माझंही या भिंतीसारखंच झालंय. कडा शाबूत आहेत. मधलं जातंय."

दादाला समजायला वेळ लागला. चष्म्याचा नंबर, कोंबडीसारखी मान, दोन चुकीच्या चपला, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करत गेलं. आणि ती म्हण, जी त्याने महिनाभर गावभर सांगितली होती. त्याने खुर्ची शोधली, पण खुर्ची समोरच्या बाजूला होती.

"माझं तोंड दिसतं का तुला?" त्याने विचारलं.

"कडेने बघितलं की दिसतं," ती म्हणाली. "समोरून बघण्यासारखं तसंही काय आहे त्यात?"

दादा हसला नाही. बाह्या सरसावत मिस्त्रींकडे वळला आणि म्हणाला, "भिंत उतरवा. आत्ता. फळ्या मी धरतो."

मिस्त्री म्हणाले की फळीच्या पाठीलाही रंगाचा हात लागतो, नाहीतर ती मागून ओल पिते, आणि वेळ खातं ते हेच काम. दादा म्हणाला, पाठी माझ्याकडे. त्याने उभ्या आयुष्यात ब्रश धरला नव्हता. पहिल्या दिवशी त्याने फळीपेक्षा स्वतःला जास्त रंगवलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांना उपदेश करायला लागला. हॅलोताई त्याच्या समोर बसून फळ्या उलटायची आणि एक्स्चेंजातले किस्से सांगायची, जे त्याने शंभरदा ऐकले होते. या वेळी त्याने एकदाही मध्ये तोडलं नाही. हेच तिला अवघड गेलं. शेवटी तिने सांगितलं, की दादा, भांड जरा, नाहीतर मला वाटेल मी चाललेच. मग त्याने रंगावरून विषय काढला आणि संध्याकाळपर्यंत घरात पुन्हा घरपण आलं.

या खेपेला काठीचं खालचं टोक मिस्त्रींनी सगळ्यात आधी मोरपंखी रंगाच्या डब्यात बुडवलं.

भिंत चढली, रंग चढला, परांची उतरली. गल्ली पुन्हा जमली. हॅलोताईला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने आधी समोर बघितलं, मग मान वळवून बघितलं. फळ्यांच्या रेघा तिला दिसल्या नाहीत. एक भलंमोठं मोरपंखी घर मात्र दिसलं, उन्हात उभं, ती नऊ-दहा वर्षांची असताना शाळेतून येताना दिसायचं तसं. तिने डोळे पुसले आणि सगळ्यांना चहाला बोलावलं.

लोक गेल्यावर ती कोपऱ्याकडे गेली. कमरेच्या उंचीची एक कड पकडून तिने बोट चालवायला सुरुवात केली. बोट पट्टीवर आलं, पट्टी ओलांडली, वळलं, आणि पलीकडची कड तिथेच होती, वाट बघत असल्यासारखी. तेवढ्यात बोटाला बोट लागलं.

बाजूच्या भिंतीने दादा येत होता. त्याने डोळे घट्ट मिटले होते, एक हात पुढे, दुसऱ्याचं बोट त्याच कडेवर. तो दचकला, पण डोळे त्याने उघडले नाहीत.

"जुळलंय," तो म्हणाला.

"हो."

"हिरवा आहे पण."

"तू डोळे मिटलेयस दादा," हॅलोताई म्हणाली. आणि त्याने ते उघडावेत म्हणून ती थांबली नाही. त्याचं बोट धरून कडेकडेने, पायरीपर्यंत, ती त्याला घेऊन गेली.